चारोळीची बिस्किटं

भोपाळ

चि. मनू,

इटलीतल्या त्या पिन्योली बिस्किटांचं तुला भलतंच वेड लागलंय, आणि मेच्या सुट्टीत इथे येऊन ती करणार म्हणतेस, तर खुशाल कर. वाटलेले बदाम, साखर, अंड्यातलं पांढरं आणि वर पाइनच्या बिया, मैद्याचा कणही नाही, हे ऐकून आजोबांनी तर डबा आत्ताच घासून ठेवलाय.

पाइनच्या बिया म्हणून चिलगोजे मात्र मी आणणार नाही. ते किन्नौरकडून येतात आणि भाव ऐकला की पिशवीची घडी घालून परत यावंसं वाटतं. त्याऐवजी आपल्या मध्य प्रदेशातल्या जंगलातली चारोळी लाव. सागरची चिरोंजी बर्फी तू मिटक्या मारत खायचीस ना, त्यातलीच ही. तीही काही स्वस्त नाही, आणि अंगात तेल असल्याने खवट होते, म्हणून लागेल तेवढीच आणू.

चारोळीचं फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं. ते रात्रभर भिजवून, चोळून साल काढतात, कवच वाळवतात, मग जात्यावर बेताने फोडतात, तेव्हा कुठे मसुरीएवढा दाणा हाती येतो. पण दुसरा आधी तोडून नेईल या धास्तीने हल्ली फळं हिरवीच ओरबाडतात, कुठे कुठे फांद्याच छाटतात. दाणा पोचट निघतो, भाव पडतो, आणि बी जमिनीवर न पडल्याने नवी रोपंही उगवत नाहीत. पोटासाठी तोडणाऱ्याला मी काय बोलू! तिकडच्या पाइनचं बोंड तर पिकायला तीन वर्षं घेतं म्हणे, आणि लोक थांबतात.

तू समजूतदार आहेस, काळजी तुझ्या घाईचीच. पहाटे उठ, मेमध्ये इथे दुपारी ओव्हन लावला तर स्वयंपाकघरात उभं राहवणार नाही, आणि सकाळी तलावावरून वारा तरी येतो. कडा जरा तांबूस झाल्या की ताट बाहेर काढ. तेव्हा बिस्किटं मऊच लागतील, कच्ची राहिली असं वाटून पुन्हा आत सारू नकोस, गरम असताना उचलूही नकोस, मोडतील. निवली की आपोआप धरतात. तोवर अंगणातल्या कुंड्यांना पाणी घाल.

उरलेले पिवळे बलक टाकू नकोस हं, आजोबांना त्यांची भुर्जी लागते.

तुझी आजी