गंज, अनित्यता आणि पाना

सगळेच नाशवंत आहे, मग डागडुजीचा खटाटोप कशाला, हा प्रश्न वरकरणी वैराग्याचा वाटतो. तो पारखून घ्यायला जुन्या गाडीची खालची बाजू फार सोयीची आहे. ब्रिटनमध्ये १९९८ ते २००४ या काळात बनलेली लँड रोव्हर डिस्कव्हरीची दुसरी मालिका घ्या. तिच्यातल्या अनेक गाड्यांत वळणावरचा झोक सावरणारी हायड्रॉलिक यंत्रणा होती. इंजिनावरच्या पंपातून दाबाखालचे तेल चॅसिसवरच्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे आणि तिथून पुढच्या-मागच्या अॅक्चुएटरांकडे जाते. वळण आले की अॅक्चुएटर झोक रोखणाऱ्या अँटी-रोल बारला पीळ देतात. खडबडीत वाटेवर तीच यंत्रणा ढिली पडून चाकांना मोकळेपणाने वरखाली होऊ देते. हे तेल नेणारे पाइप पोलादी, आणि तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. खारट चिखल पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपांमागे साचतो. त्या फटीत ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि नेमके तिथलेच पोलाद आधी खाल्ले जाते. उघडा भाग ठणठणीत दिसतो. क्लिप काढली की पापुडे गळून पडतात.

धम्मपद या बौद्ध ग्रंथाच्या मलवग्गात दुष्कृत्याला गंजाची उपमा दिली आहे: तो लोखंडातूनच उपजतो आणि लोखंडालाच खातो. रसायनशास्त्र याला दुजोरा देते. खाणीत लोह बहुतेक ऑक्साइडच्या रूपात असते. भट्टीत उष्णता खर्चून त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो. गंजणे म्हणजे लोहाने पूर्वस्थितीकडे वळणे. विनाशाची ओढ धातूच्या घडणीतच आहे, हे मान्य. पण ओढ असणे वेगळे आणि नाश घडणे वेगळे. पाणी आणि ऑक्सिजन यांची गाठ पडल्याशिवाय गंज धरत नाही, मिठाने त्याचा वेग वाढतो. तेच पोलाद कोरड्या हवेत कितीतरी वर्षे टिकते. कारणांच्या जुळणीतून कार्य होते आणि जुळणी मोडली की कार्य थांबते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा आहे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात त्याचे टोक गाठले: वस्तूंना अढळ स्वभाव असता तर जगात काही घडलेच नसते आणि करण्यासारखेही काही उरले नसते. गाडी बिघडू शकते त्याच कारणाने ती दुरुस्तही होऊ शकते. म्हणून अनित्यतेचा दाखला देऊन हात झटकणाऱ्याने त्या विचाराचा अर्धाच भाग ऐकलेला असतो. मलवग्गातही गंजाच्या त्या उपमेनंतर लगेच निगा न राखणे हा घराचा मळ म्हणून सांगितला आहे.

यावर खरा आक्षेप असा की, वीस-पंचवीस वर्षांच्या वाहनात जीव अडकवणे हा मोहच आहे. त्याला निगा हे गोंडस नाव कशाला? आक्षेप वजनदार आहे, कारण निगा आणि मोह यांचे कष्ट बाहेरून सारखेच दिसतात. फरक कृतीच्या तपशिलात सापडतो. मोहाला वस्तू बदललेली पाहवत नाही, म्हणून तो गंजावरच काळा अंडरसील फासतो. वरून सारे चकाचक आणि आत कोंडलेल्या ओलाव्यात झीज चालूच. निगा आधी क्लिप सोडते, तारेच्या ब्रशने धातू उघडा करते आणि जे दिसेल ते मान्य करते. गळती शोधायला ती पाइपावरून हात फिरवत नाही, कारण सुईएवढ्या भोकातून उडालेले दाबाखालचे तेल कातडीत घुसू शकते. ब्रेकच्या पाइपांना चालणारी तांबे-निकेलची नळी ती हिशेबाशिवाय इथे बसवत नाही. नळीच्या भिंतीची जाडी तेवढीच ठेवून आतला व्यास वाढवला की त्याच दाबाखाली धातूवर ताण वाढतो. एकच भोक बुजवून ती उठत नाही, कारण जाम झालेला नट सोडताना शेजारचा कुजका भागही पिळवटतो. मोहाला इतकी सत्ये एका बैठकीत पचत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. पुष्कळ मालक ही यंत्रणा काढून साधा अँटी-रोल बार बसवतात. मालिकेतल्या काही गाड्यांत तो मुळातच होता. मग पाइप बदलत बसणे हा मूळ रूपाचा हट्ट नव्हे काय? हट्ट असू शकतो. मिलिंदपञ्ह या ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की चाक, आस, दांडी यांपैकी एकही भाग रथ नाही. भागांच्या जुळणीला दिलेले ते नाव आहे. जुळणीच बदलायची तर पाइप काढून टाकणेही धर्माला सोडून नाही, आणि गाडी भंगारात देणे हाही त्याग ठरू शकतो. मात्र काढताना वळणावरची पकड आणि खडकाळ वाटेवरची मोकळीक यांपैकी काय गमावतो आहोत, हे ठाऊक हवे.

तेव्हा दुरुस्ती, बदल आणि त्याग या तिन्ही वाटा अनित्यतेशी सुसंगत आहेत. विसंगत आहे ती चौथी, पाहायचेच टाळण्याची. ती वैराग्याची भाषा बोलते, पण तिची किंमत दुसरा मोजतो. त्याच चॅसिसवरून ब्रेकचे पाइपही गेलेले असतात, तेच मीठ त्यांनाही लागते, आणि ते फुटले तर समोरून चालत येणाऱ्याने काही सोडून दिलेले नसते. वस्तूवरची आसक्ती सोडायला कुणाची हरकत नाही. ती सोडताना वस्तूची जबाबदारीही सुटली असे मानणे हा मात्र तत्त्वज्ञानाच्या आड लपलेला आळस आहे.