मातीची खोली

शास्त्रपाठ : मत्तय १३:३-९, १८-२३, अनुवाद ११:१०-१२



पेरणाऱ्याचा दृष्टांत आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्यापैकीं बहुतेकांचीं घरें शेतीवर चालतात, म्हणून वाट, खडकाळ जमीन, कांटेरी झुडपें आणि चांगली जमीन हीं चार चित्रें आपणांस समजावून सांगावीं लागत नाहींत. तथापि या दृष्टांतांतील एक गोष्ट आपण घाईनें ओलांडून जातों. खडकाळीवर पडलेलें बीं सर्वांच्या आधीं उगवलें, आणि त्याचें कारण प्रभूनें असें सांगितलें कीं तेथें मातीला खोली नव्हती.

कनान देशांत पुष्कळ ठिकाणीं चुनखडीच्या खडकावर वीतभर माती असते. खडक उन्हानें तापतो, वरची पातळ माती लवकर ऊबदार होते, आणि बीं इतर शेतांच्या आधीं वर येतें. आपल्याकडे मुरमाच्या माळावर हेंच दिसतें. मृगाचा पाऊस पडला कीं माळ चार दिवसांत हिरवा होतो. आणि पावसानें ओढ दिली कीं तोच माळ प्रथम पिवळा पडतो. तेव्हां लवकर उगवणें ही कसाची खूण नव्हे. मुळांना खालीं जावयास जागा आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

खोल माती कशी असते व कशी बनते हें पाहावयाचें तर नीलगिरी पर्वतावरील कुरणांकडे पाहावें. हा पर्वत तामिळनाडूंत आहे; दोड्डाबेट्टा हें त्याचें सर्वांत उंच शिखर २,६३७ मीटर उंच आहे. येथेंच केटी गांवीं बाझेल मिशननें १८४६ सालीं सुवार्तेचें काम सुरू केलें. वरच्या पठारावर गोल टेकड्या गवतानें झांकलेल्या असून त्यांच्या घळींत शोला नांवाचीं दाट, ठेंगणीं रानें आहेत. तोडा लोकांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या गवतावर चरत आल्या आहेत.

त्या गवताखालीं जेथें माती खोल सांपडते, तेथें ती काळसर, भुसभुशीत व हाताला मऊ लागते. शेतकरी तिला पोयट्याची जमीन म्हणेल. पोयटा म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचें मिश्रण. ढोबळ मानानें दोन वांटे वाळू, दोन वांटे गाळ आणि एक वांटा चिकणमाती. नुसती वाळू असेल तर पाणी थांबत नाहीं. नुसती चिकणमाती असेल तर पाणी लवकर आंत शिरत नाहीं. तिन्ही एकत्र आलीं म्हणजे जमीन पाणी घेतेही आणि राखतेही. ज्या मंडळींत वृद्ध विधवा, शाळामास्तर आणि मोलमजूर एकाच चटईवर प्रार्थनेस बसतात, तिच्यांतही असाच कस उतरतो. एकाच घराण्याची किंवा एकाच आळीची मंडळी असा कस कोठून आणणार?

आतां ही माती आली कोठून, हें लक्षपूर्वक ऐका. नीलगिरीचा पाया चार्नोकाइट नांवाच्या अतिप्राचीन, कठीण खडकाचा आहे. ऊन, थंडी आणि पाऊस यांनीं तो खडक हळूहळू कुजला व त्याचा भुगा झाला. त्यावर गवत रुजलें. गवताच्या मुळांपैकीं कांहीं दरवर्षीं मरतात आणि जेथें मरतात तेथेंच कुजतात. उंचावरील थंडीमुळें हें कुजणें सावकाश होतें, म्हणून मेलेल्या मुळांचा काळा अंश मातींत सांठत जातो. पुढच्या वर्षींचीं मुळें त्याच्या आधारानें आणखी खालीं उतरतात. एक इंच माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात. आणि हें सर्व काम जमिनीखालीं, कोणाच्या दृष्टीस न पडतां चालतें.

यांत दोन गोष्टी आपल्या समाधानासाठीं आहेत. पहिली ही कीं खडकाचीच माती होते. जो मनुष्य आज खडकाळ जमिनीसारखा आहे, त्यानें निराश होण्याचें कारण नाहीं. देवाच्या हातीं ऊनही आहे आणि पाऊसही आहे. दुसरी ही कीं खोली मरणानें येते. गव्हाचा दाणा जमिनींत पडून मेल्यावांचून पीक देत नाहीं, असें प्रभूनें योहान १२:२४ मध्यें सांगितलें. शेजाऱ्याविषयींची अढी आज गिळली, दारूचा पेला आज परत सारला, खोट्या साक्षीचे पैसे आज नाकारले. हीं लहान लहान मरणें कोणी वहींत लिहीत नाहीं. परंतु तींच अंतःकरणाच्या मातींत सांठतात, आणि पुढल्या वर्षींचा विश्वास त्यांतून खालीं मूळ धरितो.

अशा मातीचा मोठा गुण पाणी राखण्याचा. अनुवादाच्या अकराव्या अध्यायांत मोशे इस्राएल लोकांस सांगतो कीं त्यांना मिळणारा देश मिसरासारखा पाटपाण्याचा नसून डोंगरखोऱ्यांचा आहे व तो आकाशांतून पडणारा पाऊस पितो. नीलगिरीचीं कुरणें असाच पाऊस पितात. पावसाळ्यांत तीं भिजून राहतात आणि कोरड्या दिवसांत झऱ्यांतून तें पाणी सोडतात. मुकुर्ती शिखराकडून येणारी पायकारा नदी व तशाच दुसऱ्या नद्या खालच्या मुलुखास पाणी देतात. पायकाऱ्याच्या पाण्यावर १९३२ सालीं वीजही निघूं लागली. डोंगरावरील गवत ज्यांनीं कधीं पाहिलें नाहीं, त्यांच्या विहिरी त्या गवतावर चालतात.

पुढें माणसांना तें गवत निरुपयोगी वाटूं लागलें. त्या जागीं लवकर वाढणारीं युकॅलिप्टसचीं व वॉटल नांवाचीं, बाभळीच्या जातीचीं, परदेशी झाडें मोठ्या प्रमाणावर लावण्यांत आलीं. टेकड्या उंच वृक्षांनीं भरल्या आणि दिसावयास समृद्ध दिसूं लागल्या. परंतु उटीजवळ ग्लेनमॉर्गन येथें १९६८ सालापासून दोन शेजारच्या ओढ्यांचें पाणी मोजण्यांत आलें. ज्या ओढ्याच्या पाणलोटांत युकॅलिप्टस लावले होते, त्याचें पाणी पहिल्या तोडीपर्यंतच्या वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनीं घटलेलें आढळलें. वर उंची वाढली आणि खालीं झरा आटला. आतां तीं झाडें काढून पुन्हा गवत आणण्याचे प्रयत्न चालले आहेत; पण जें काढावयास थोडे दिवस लागले, तें परत आणणें कष्टाचें आहे.

उपदेशक बंधूंनो, हें आपल्यासाठीं आहे. वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्यांची संख्या लिहावी लागते, आणि ती मोठी असावी असें कोणास वाटत नाहीं? परंतु एखाद्या गांवीं दहा कुटुंबें एका महिन्यांत आनंदानें वचन स्वीकारतात, आणि मग ऊन लागतें. गांवचा दुकानदार उधारी बंद करितो. भाऊबंद मुलीच्या लग्नास येत नाहींत. पाटलाच्या शेतावरचें काम सुटतें. अशा वेळीं तीं कुटुंबें मागें फिरलीं तर त्यांना दोष देण्यापूर्वीं आपण स्वतःस विचारावें : उगवण झाल्यावर या जमिनीकडे मी किती वेळां गेलों? प्रार्थना कशी करावी, हें त्यांच्या घरांत बसून कोणी शिकविलें? ज्या म्हातारीला वाचतां येत नाहीं, तिच्या तोंडीं एखादें वचन बसेपर्यंत मी थांबलों काय? प्रभूनें बारा शिष्यांवर तीन वर्षें खर्चिलीं. त्यांतील एक गेला, आणि बाकीचेही अटकेच्या रात्रीं पळाले. तरी त्याच मातीवर त्यानें आपली मंडळी उभारली.

नीलगिरीची उत्तम माती देखील निर्दोष नाहीं. अति पावसानें तिच्यांतील चुना वाहून जातो व ती आंबट होते. बटाट्यासारखें पीक नीट यावें म्हणून तिला चुना द्यावा लागतो. चुना झोंबणारा पदार्थ आहे, पण त्यानें आंबटपणा मरतो. जुन्या ख्रिस्ती घराण्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आजोबांच्या काळापासून आम्ही मंडळींत आहों, असें म्हणणाऱ्यांच्या मनांत कधीं कधीं आंबटपणा सांठतो. पाळकाचा किंवा वडीलमंडळाचा बोध झोंबला तर तो चुना समजून घ्यावा.

आणखी एक धोका आहे. गवताचें आच्छादन काढून उताराच्या दिशेनें नांगर धरला, तर शेंकडों वर्षांची माती थोड्या पावसाळ्यांत ओढ्याला जाते. म्हणून जाणता शेतकरी आडवें नांगरतो, ताली घालतो, आणि फार उताराची जमीन गवतालाच ठेवितो. माती राखणें हें धर्माचेंच काम आहे. वॉल्टर लाउडरमिल्क नांवाच्या अमेरिकन मृदातज्ज्ञांनीं १९३९ सालीं यरुशलेमेंतून आकाशवाणीवर भाषण करून, जमिनीचा विश्वासू कारभार ही जणूं अकरावी आज्ञाच मानावी, असें प्रतिपादिलें. उत्पत्ति २:१५ प्रमाणें देवानें मनुष्यास बागेंत ठेविलें तें मशागत करण्यासाठीं आणि राखण्यासाठीं. आपण मशागत करितों, राखतों काय? बांध फुटला असेल तर तो या उन्हाळ्यांतच घाला. आणि घरांतील सायंप्रार्थना मोडली असेल, तर तो बांधही आजच बांधा. कारण पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं.

प्रिय जनहो, शेजारची मंडळी लवकर हिरवी झाली म्हणून हेवा करूं नका, आणि आपली सावकाश वाढते म्हणून खचूं नका. मुळें खालीं जात आहेत काय, एवढें पाहा. ज्यानें खडकावर गवत उगवून त्याची काळी माती केली, तो आपल्या अंतःकरणांतही खोली निर्माण करो, म्हणजे ऊन लागेल त्या दिवशीं आपण सुकणार नाहीं, आणि आपल्या झऱ्याचें पाणी खालच्या तान्हेल्यांस मिळेल. आमेन.