प्रारब्ध जिल्हावार वाटले जाते का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत महाराष्ट्रातील शेतकरी आणि शेतमजुरांच्या आत्महत्या अशा नोंदल्या आहेत: २०१९ साली ३,९२७, २०२० साली ४,००६, २०२१ साली ४,०६४, २०२२ साली ४,२४८. देशभरातील अशा मृत्यूंत आपल्या राज्याचा वाटा या चारही वर्षी ३७-३८ टक्क्यांच्या आसपासच राहिला. यातल्या प्रत्येकाने तो निर्णय एकट्याने घेतला. बहुतेकांना एकमेकांचे नावही ठाऊक नसणार. तरी बेरीज वर्षामागून वर्ष जवळपास तीच येते, आणि या चार वर्षांत तर ती थोडी थोडी वाढतच गेली. एकेकट्याचे दुःख आणि ही ठरल्यासारखी बेरीज यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहेच, पण त्याआधी तो धर्माचा आहे. कारण आपल्याकडे त्याचे उत्तर घरोघरी तयार असते: ज्याचे त्याचे प्रारब्ध.

हे उत्तर तपासून पाहायला हवे. कर्मविपाकाच्या सिद्धांतात प्रत्येक जिवाचे संचित स्वतंत्र असते. मग इतक्या निरनिराळ्या संचितांची फळे यवतमाळ, अमरावती, बीड अशा जिल्ह्यांतच का साठावीत? कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू रानात ती इतकी दाट आणि कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात विरळ का? यावर श्रद्धावान म्हणेल की जीव आपल्या कर्माला साजेशा ठिकाणीच जन्म घेतो. पण या युक्तिवादात कुठलाही आकडा बसतो. उद्या हे मृत्यू निम्म्यावर आले तरी तो खराच राहील, दुप्पट झाले तरीही. म्हणून त्याने यातले काहीच उलगडत नाही. श्रीलंकेने १९९५च्या सुमारास अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवली, आणि दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. हजारो माणसांचे प्रारब्ध सरकारी आदेशाने पालटले, असे म्हणायला कोणी धजणार नाही.

मग माणसाला स्वातंत्र्य उरते का, ही शंका रास्त आहे आणि जुनीही. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ केतले याला फ्रान्समधल्या गुन्ह्यांच्या नोंदींत असाच नेम दिसला. गुन्ह्याची तयारी समाज करतो, गुन्हेगार तो फक्त तडीस नेतो, असे त्याने १८३५ साली मांडले. त्यावरून युरोपात इच्छास्वातंत्र्याचा मोठा वाद पेटला. माझ्या मते केतलेचे म्हणणे अर्धे खरे आहे. आकडा समूहाचा असतो. त्याच गावात, तेवढेच कर्ज डोक्यावर असलेले बहुतेक शेतकरी जगत राहतात, आणि त्यांतला कोण खचेल हे कुठलाही तक्ता सांगू शकत नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला आणि स्वातंत्र्याची बाजू सोडली नाही. गुन्हा करणाऱ्याची जबाबदारीही त्यामुळे उरतेच. पण ‘हे कोणी केले’ आणि ‘दरवर्षी इतक्यांच्या बाबतीत हे का घडते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर मेलेल्या माणसाकडे मागणे हा अन्याय आहे. ते हमीभाव, सिंचन आणि पीककर्जाची धोरणे ठरवणाऱ्यांकडे मागायचे असते. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या कल्पनेवर नेमके इथेच बोट ठेवले. गोरगरिबांच्या दशेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज त्या कल्पनेचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही.

आकडेच भरवशाचे नाहीत, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नोंदवहीत मृत्यूचे एक कारण लिहावे लागते: कर्ज, आजार, कौटुंबिक कलह, व्यसन. पण पीक बुडाले की कर्ज थकते, थकबाकीने घरात भांडणे लागतात, दवाखाना लांबणीवर पडतो; या साखळीतले जे टोक पंचनाम्याच्या वेळी हाती लागते तेच कारण ठरते. मदतीसाठी तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रत्येक प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. कर्ज बँकेचे नसून परवाना नसलेल्या सावकाराचे असले, किंवा सातबाऱ्यावरच्या नावाचा घोळ असला, तर एक लाखाची मदतही अडू शकते. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसली तर तिची नोंद बहुधा गृहिणी म्हणून होते, शेतकरी म्हणून नाही. हे सारे मान्य केले पाहिजे. मात्र यातले बहुतेक दोष शेतीतल्या मृत्यूंचा आकडा कमी दाखवणारे आहेत, म्हणजे प्रारब्धाच्या नावावर आपण जे खपवतो ते या चार हजारांहून मोठे आहे. शेतीबाहेर रोजंदारी करणारे तर या चार हजारांत धरलेलेच नाहीत; २०२२ साली देशात आत्महत्या केलेल्या दर चार जणांत एकाहून अधिक असा हातावर पोट असलेला होता.