मौन आणि असत्य

रुग्ण दगावतो, पोलीस परिचारिकेस प्रश्न विचारतात, ती आधी वकील मागते. म्हणजे ती दोषी काय? आम्हीही चटकन तसेच समजत असू. परंतु फटके मारून चौकशी होणार तेव्हा पौलानेही रोमी नागरिकाचा हक्क सांगितलाच. आपल्या संविधानाचा अनुच्छेद २०(३) आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम १७९ सांगते की, साक्षीदार स्त्रीस चौकशीसाठी राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती नाही. मात्र हा हक्क मौनाचा आहे, असत्याचा नव्हे. रुग्ण जिवंत असता औषधाची चूक डॉक्टरांपासून लपविणे, वा मागाहून नोंद खोडणे, याला कोणताही हक्क झाकू शकत नाही. पोलिसांपुढे मौन चालेल. रुग्णाच्या खाटेपाशी नाही.