किनारा होता, आरमार नव्हते

आंबागडाच्या धन्याला एकेकाळी बंगालच्या उपसागराचा किनारा होता, हे आमच्या भंडारा जिल्ह्यात फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही. तुमसर तालुक्यातला हा किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सरदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. विहिरीचे सडके पाणी पाजून कैदी मारल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. याच भोसल्यांना १७५१ च्या तहाने बंगालचा नवाब अलीवर्दी खान याच्याकडून ओडिशा मिळाला. कटक आले, बालासोर आले, पुरी आली. महसूल येऊ लागला, जगन्नाथाच्या यात्रेकरूंवरचा कर येऊ लागला. नागपूरच्या दरबाराने आरमार मात्र उभारले नाही.

आरमारी लढायांचा इतिहास आपण बहुधा विजयांच्या यादीसारखा सांगतो. त्या यादीमागे एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पिढीगणिक बदलत गेले आहे. समुद्र हा राज्याचा भाग, की राज्य जिथे संपते ती जागा?

शिवाजी महाराजांचे उत्तर स्पष्ट होते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली आणि लवकरच तिथे जहाजे बांधली जाऊ लागली. १६६४ मध्ये मालवणच्या कुरट्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया पडला, पुढच्याच वर्षी महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरवर गेले. पण या विचाराची खरी परीक्षा झाली ती १६७९ मध्ये खांदेरीला. मुंबईच्या तोंडावरचे हे ओसाड बेट मायनाक भंडारी तटबंदी घालून बळकट करू लागले, तेव्हा इंग्रजांनी जहाजे आणून वेढा घातला. त्यांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की ती जागच्या जागी उभी. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांवर पळणाऱ्या. थळच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात त्या बेटावर दाणागोटा पोहोचवत आणि उजाडायच्या आत परतत. १८ ऑक्टोबरला मराठा आरमाराचे सरदार दौलतखान यांच्या ताफ्याने हल्ला चढवला. ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागले, बाकीची पळाली, ‘रिव्हेंज’ तेवढे टिकून राहिले. त्या दिवशी निर्णायक काही झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी काही महिन्यांत इंग्रजांना माघार घ्यावी लागली, आणि बेट मराठ्यांकडेच राहिले. माझ्या मते ही लढाई तोफांइतकीच त्या रात्रीच्या होड्यांनी जिंकली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हा अनुभव राजनीती म्हणून आला. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग, असे ते मानतात. गलबतांच्या लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, इतक्या बारकाव्यात ते जातात. कान्होजी आंग्रे याहून एक पाऊल पुढे गेले. आमच्या पाण्यातून जायचे तर आमचे दस्तक घ्या, असा त्यांचा दंडक. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, कारण तोच हक्क इंग्रजांना स्वतःसाठी हवा होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर गेले, तरी त्यांना तो घेता आला नाही.

मग १७५६. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरेच. पण त्यांना वठणीवर आणायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचा हात धरला. फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला, आग एकातून दुसऱ्यात गेली आणि आंग्र्यांचे आरमार नांगरावरच जळाले. घरचे भांडण मिटवायला शेजारच्या दरोडेखोराला किल्ली द्यावी, तसला हा प्रकार. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे आनंदराव धुळप यांनी १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज लढून पकडले, पण तोवर पश्चिम किनाऱ्याच्या पाण्यावरचा दरारा इंग्रजांकडे गेला होता.

पुण्यात ही चूक झाली तिला कारण तरी होते. नागपूरला समुद्राचा विचारच नव्हता. १८०३ च्या युद्धात इंग्रजांची एक तुकडी जहाजांतून आली आणि बालासोर घेऊन बसली. दुसरी फौज गंजमकडून किनाऱ्याने चालत कटकला पोहोचली. डिसेंबरच्या देवगावच्या तहाने ओडिशा गेला. त्याच युद्धात गाविलगड पडल्याची हळहळ वऱ्हाडात आजही ऐकू येते, बालासोरचे नावही निघत नाही. तळ्यांच्या आमच्या जिल्ह्यात धिवर डोंग्यातून जाळी टाकतो, पाणी आम्हाला अनोळखी नाही. पण त्या पाण्याच्या पलीकडे सत्ता असते, हे आमच्या राज्यकर्त्यांना उमगले नाही.

स्वतंत्र भारतालाही ते उमगायला दोन दशके लागली. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर मारा केला. या मुळात किनारा राखायच्या लहान नौका, पल्ला कमी. म्हणून त्यांना दोरांनी ओढत पुढे नेण्यात आले. खांदेरीची आठवण येते ती इथे. पाचच दिवसांनी आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. विजयाच्या भाषणांत हा आकडा क्वचित येतो.

२०२२ मध्ये नौदलाच्या नव्या निशाणावर शिवराजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ झाला. चांगलेच झाले. फक्त वारसा सांगायचा तर तो पुरता सांगावा. ४ डिसेंबरला तुमसर-भंडाऱ्याच्या शाळांत कराचीचा विजय जरूर सांगा, आणि त्याच तासाला नकाशावर विजयदुर्ग आणि बालासोरही दाखवा.