दाह ओसरतो कसा?

ठेच लागली की अंगठा लाल होतो, सुजतो, तापतो, ठणकतो. रोमन लेखक सेल्ससने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची हीच चार लक्षणं नोंदवली होती. पुढे चार दिवसांनी सूज उतरते, याचं मात्र फारसं नवल कुणाला वाटलं नाही. कारण संपलं की दाहही संपणार, असं सगळे धरून चालले होते.

संशोधकांचंही लक्ष बराच काळ दाह सुरू कसा होतो याकडेच होतं. 1986 मध्ये अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन सापडलं. दाहाची कितीतरी जनुकं तेच चालू करतं, हे पुढे कळत गेलं. एरवी ते पेशीद्रवात आय-कॅपा-बी नावाच्या रोधक प्रथिनाला बांधलेलं असतं. जंतूंची चाहूल लागली की पेशी हा रोधक मोडीत काढते, एनएफ-कॅपा-बी सुटून केंद्रकात शिरतं आणि कामाला लागतं.

1993 च्या सुमारास काही प्रयोगशाळांना दिसलं, की एनएफ-कॅपा-बी जी जनुकं चालू करतं, त्यांत त्याच्या स्वतःच्या रोधकाचंही जनुक आहे! नवा रोधक तयार होतो, केंद्रकात जातो आणि एनएफ-कॅपा-बीला डीएनएवरून सोडवून बाहेर आणतो. म्हणजे पेटवण्याच्या हुकमातच विझवण्याचाही हुकूम. मला या साऱ्या कथेतलं हेच वळण सर्वांत मोठं वाटतं. ओसरणं हेही पेशीला करावं लागणारं काम ठरलं.

रोधक तयार व्हायला वेळ लागतो आणि दाहाला मिळते ती तेवढीच मुदत. 2004 मध्ये संशोधकांनी एकेका पेशीतलं एनएफ-कॅपा-बी चमकतं करून पाहिलं, तर ते साधारण शंभर मिनिटांच्या लयीत केंद्रकात आत-बाहेर करत होतं. या लयीचा नेमका उपयोग काय, यावर अजून वाद आहेत. (गणितवाल्यांना ती फार आवडते, हा भाग वेगळा.)

एका रोधकावर पेशी विसंबत नाही. ए-20 हे प्रथिनही एनएफ-कॅपा-बीच्याच सांगण्यावरून बनतं, पण ते बाहेरून येणारा संदेशच वरच्या टप्प्यावर थोपवतं. 2000 मध्ये ए-20 नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते अनेक अवयवांत भडकलेल्या दाहाने लवकर मेले. माणसांतला पुरावा 2016 मध्ये आला. लहानपणापासून ताप, तोंडात वारंवार फोड, आतड्यांचा दाह असलेल्या काही कुटुंबांत ए-20 च्या जनुकाची एक प्रत बिघडलेली निघाली. दुसरी शाबूत होती, पण या कामाला निम्मं ए-20 पुरत नाही.