विजन आणि चर्चा

साधकाने आपल्या अंतःकरणाचा शोध एकट्याने घ्यावा, की चार साधनवंतांत बसून बोलावे, हा प्रश्न आश्रमांतून वरचेवर निघतो. बोलण्याने चित्त बाहेर धावते, असे विजनाचे अभिमानी म्हणतात. एकटा बसलेला आपल्याच कल्पनेस ज्ञान समजू लागतो, असे दुसऱ्यांचे म्हणणे. दोन्ही बोल अनुभवातून आलेले आहेत.

श्रीचक्रधरस्वामींनी अटन-विजन निरूपिले, यात संदेह नाही. परंतु तो ज्ञानानंतरचा आचार होय. ज्ञानाचे उगमस्थान नव्हे. जीव अनादि अविद्येने वेढलेला. त्याच मलिन दृष्टीने तो स्वतःस न्याहाळू लागला, तर त्यास दिसणार तरी काय?

मग चर्चेने हे उणेपण भरून निघते काय? दृष्टांतपाठातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत आठवावा. ज्याच्या हातास जो अवयव लागला, तोच त्याचा हत्ती. ‘सर्वांचेच थोडे थोडे खरे’ असा गोड निष्कर्ष काढून श्रोते उठतात. पण सर्व जात्यंधांची मते एकत्र केली तरी हत्ती दिसत नाही. दृष्टांतात एक डोळसही आहे, आणि त्याच्यावाचून दृष्टांतास अर्थ नाही.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर डोळस सन्निधानी उरला नाही. उरले वचन, आणि तेही अनेकांच्या स्मरणात विखुरलेले. चर्चेचे खरे प्रयोजन येथे दिसते. म्हाइंभटांनी लीळाचरित्र स्वतःच्या चिंतनातून रचले नाही. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांस गाठून लीळा मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. आठवणी जेथे जुळल्या नाहीत, तेथे निरनिराळ्या ‘वासना’ पोथ्यांतून शेजारी शेजारी नोंदल्या गेल्या. एकमत दाखविण्यासाठी त्या पुसल्या नाहीत. वाद जिंकण्याच्या ईर्ष्येने स्वामींकडे आलेल्या विद्वानाच्या हातून हे व्हावे, हे विशेष.

महदाइसांचे उदाहरण याहून बोलके आहे. लीळाचरित्रात कितीतरी निरूपणे त्यांच्या पुसण्याने निघाली. आज एखाद्या वासनिकाने सभेत अवघड शंका काढली, की ‘श्रद्धा कमी पडते’ म्हणून त्यास गप्प बसविले जाते. तो मग शंका मनात घेऊन घरी जातो. भिक्षूचेही असेच होते: विजनात नामस्मरण चालू असते आणि न पुसलेला प्रश्न मध्येच उठतो. अशा वेळी स्वतःच उत्तर रचून मोकळे होण्यापेक्षा तो तसाच जपून ठेवावा, आणि भेटीच्या दिवशी वडीलधाऱ्यांपुढे, संकोच न धरता, मांडावा.